ऑनलाइन डॉक्टर: तपासणारा तिकडं, हात मात्र आपलेच

आमच्या घरात आता काही झालं की आधी फोनवर डॉक्टर, मग गरज पडली तर प्रत्यक्ष, असं होऊन बसलंय त्यामुळे म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. अ‍ॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण सगळी अ‍ॅप्स थोड्याफार फरकानं सारखीच चालतात आणि मला या अख्ख्या प्रकाराचाच रिव्ह्यू करायचाय. रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी साडेतीन. जुन्या दुखण्याच्या फॉलोअपला पाच, नवीन काहीतरी होतंय आणि नक्की काय ते कळत नाहीये अशा वेळी अडीच, आणि पोटदुखीला शून्य. सरासरी काढत बसू नका, ती जुळणार नाही.

सगळ्यात भारी अनुभव बाबांच्या बीपीचा. घरी मशीन होतंच, आकडे रोज वर जात होते म्हणून कन्सल्टेशन घेतलं. मला वाटलं डॉक्टर आकडे बघतील आणि गोळी वाढवतील, पण त्यांनी आकड्यांकडे नंतर बघितलं, आधी म्हणाले कॅमेरा जरा काकांच्या हाताकडे फिरवा. बाबा पलंगाच्या कडेला बसलेले, पाय लोंबकळतायत, कफ म्हणजे मशीनचा दंडाला गुंडाळायचा पट्टा शर्टाच्या बाहीवरून बांधलेला आणि तोंड सुरूच. डॉक्टर म्हणाले काका, आता पाच मिनिटं एक शब्द बोलायचा नाही. खुर्चीत बसवलं, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीला, बाही वर, हात टेबलावर म्हणजे कफ छातीच्या लेव्हलला येईल असा. मग एक रीडिंग, मिनिटभर थांबून दुसरं. आकडा चांगलाच खाली आला. बाबांचं म्हणणं मशीन बिघडलंय.

मशीन ठीक होतं. कफ दंडाला लहान पडत असेल तर रीडिंग खोटंच जास्त येतं, बोलत असलात तरी जास्त येतं, पाठ न टेकता बसलात तरी थोडं वाढतं, चहा-कॉफी किंवा सिगारेटनंतर अर्धा तास तर मोजूच नये. हे सगळं क्लिनिकमध्ये कोणी सांगत नाही कारण तिथं माणूस धावतपळत येतो, खुर्चीत टेकतो आणि लगेच कफ गुंडाळला जातो. शिवाय डॉक्टर समोर दिसले की काही जणांचं बीपी आपोआप वाढतं ते वेगळंच. म्हणून क्लिनिकमध्ये 140/90 ची रेषा धरतात तिथं घरच्या रीडिंगला बऱ्याच ठिकाणी 135/85 धरतात. थोडक्यात बीपीच्या बाबतीत स्क्रीनवरचा डॉक्टर प्रत्यक्षातल्यापेक्षा सरस ठरू शकतो, कारण त्याला तुमच्या घरातलं, रोजचं, सकाळ-संध्याकाळचं रीडिंग मिळतं. गोळी वाढवली नाही, आठवडाभराचा तक्ता मागितला, बस.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. डॉक्टर लांब असला की त्याचे डोळे आणि कान पोचतात, हात पोचत नाहीत, मग ते हातांचं काम इकडच्या कोणालातरी करावं लागतं. चांगली सर्व्हिस कुठली, तर जी हे काम तुमच्याकडून नीट करून घेते. व्हिडिओ किती एचडी आहे, अ‍ॅपचा रंग काय आहे, याला फार अर्थ नाही.

आणि हे काही नवीन नाही बरं का. ऑस्ट्रेलियात 1928 पासून फ्लायिंग डॉक्टर सर्व्हिस आहे, तिथली वस्ती इतकी विरळ की शेजारी म्हणजे शंभर किलोमीटरवर. 1929 मध्ये आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या माणसानं पायानं पेडल मारून वीज तयार होईल असा रेडिओ बनवला, म्हणजे वीज नसलेल्या घरातूनही डॉक्टरशी बोलता यायला लागलं. पुढं 1942 पासून लांबलांबच्या घरांमध्ये औषधांच्या ठरावीक पेट्या ठेवायला सुरुवात झाली, प्रत्येक औषधावर नंबर. डॉक्टर रेडिओवरून सांगणार अमुक नंबरची गोळी द्या. दुखतंय कुठं हे सांगायला माणसाच्या शरीराचं चित्र, त्यावरही नंबर टाकलेले. किती साधं आणि किती डोकं लावलेलं! रेडिओ खरखरत असला तरी नंबर चुकत नाही. आजच्या अ‍ॅपमध्ये मला अजून ‘कुठं दुखतंय तिथं बोट ठेवा’ असं धड चित्र दिसलेलं नाही, एक ड्रॉपडाउन असतो आणि त्यात पोट, छाती, इतर.

अजून एक उदाहरण, 7 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या डॉ. जाक मारेस्को यांच्या टीमनं फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या एका बाईंचं पित्ताशय रोबोटनं काढलं, मध्ये अख्खा अटलांटिक. बातमी सगळी रोबोटची झाली. पण पेशंटच्या टेबलाशी स्ट्रासबर्गमध्येही सर्जन होतेच ना, काही गडबड झाली तर हातात घ्यायला. म्हणजे इतक्या मोठ्या प्रकारातही शेवटी हात इकडचेच लागतात.

आता भाचीचं. तीन वर्षांची आहे, खोकला, रात्री जास्त, ताई घाबरलेली. व्हिडिओवर लेडी डॉक्टर होत्या, त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या तिचा फ्रॉक वर करा, मांडीवर शांत बसवा आणि कॅमेरा छाती-पोटाकडे धरा, हलवू नका. आणि मग एकदम गप्प. ताईला वाटलं व्हिडिओ अडकला, ती हॅलो मॅडम, हॅलो करायला लागली, तर मॅडमनी नुसतं बोट वर केलं. घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजत होत्या. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास शांत असताना मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त असेल तर तो वेगानं चाललाय असं धरतात आणि मग न्यूमोनियाचा विचार करावा लागतो, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाला तीच रेषा 50 ची. बरगड्यांच्या खालचा भाग श्वासाबरोबर आत ओढला जातोय का तेही बघितलं. श्वास ठीक होता. मग ताईलाही मोजायला शिकवलं आणि सांगितलं की श्वास वाढला, छाती आत ओढायला लागली, पोरगी पाणीही प्यायना किंवा मलूल पडली तर परत कॉल करत बसायचं नाही, थेट उचलून न्यायचं. याला म्हणतात कन्सल्टेशन. कान मात्र बघता आला नाही, आणि लहान मुलांची निम्मी रडारड कानाचीच असते, त्यामुळे कान दुखतोय म्हणाली असती तर तसंही जावंच लागलं असतं.

याच्या उलट, दुसऱ्या एकदा वेगळ्याच डॉक्टरकडे नंबर लागला तर त्यांनी मान वर न करता ‘खोकला का? किती दिवस? ओके’ एवढं विचारून प्रिस्क्रिप्शन टाकलं. त्यात अँटिबायोटिक. ना श्वास मोजला, ना ताप कितीय विचारलं. घेतलं नाही ते औषध आम्ही, जाऊन दाखवलं. अ‍ॅप तेच, पैसे तेवढेच, फक्त माणूस वेगळा.

स्किनच्या बाबतीत एक टीप, व्हिडिओ विसरा. माझ्या हातावर चट्टे आले होते ते व्हिडिओत नुसते तपकिरी ढग दिसत होते कारण नेट कमी असलं की व्हिडिओ बारीकसारीक तपशील खाऊन टाकतो. फोटो पाठवा. दिवसा खिडकीजवळ, पिवळ्या बल्बखाली नको, फ्लॅश नको, एक लांबून म्हणजे शरीराचा कुठला भाग ते कळेल आणि एक जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून म्हणजे साइज कळेल. आणि फोटोत टेक्स्चर स्मूथ करणारा तो ब्युटी मोड बंद करा बाबांनो, डॉक्टरला पुरळ बघायचंय, तुमचा ग्लो नाही. स्किनचं काम लाइव्ह बोलण्याशिवायही बरंच होतं, तुम्ही फोटो टाका, डॉक्टर सवडीनं बघून उत्तर देतात. मला हाच प्रकार जास्त आवडला, तयार होऊन कॅमेऱ्यासमोर बसायचं टेन्शन नाही.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरी असेल तर ठीक, पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. नेलपॉलिश असेल, बोटं गार पडलेली असतील तर आकडा गंडतो. आणि गडद त्वचेवर तो ऑक्सिजन असतो त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, 2020 मध्ये अमेरिकेतल्या संशोधनातही हे दिसलं होतं. तेव्हा आकडा चांगला पण माणूस धापा टाकतोय असं असेल तर माणसाकडे बघा.

आता पोटदुखीला शून्य का. मला एकदा बेंबीच्या उजवीकडे खाली दुखायला लागलं, रात्रीची वेळ, म्हटलं बघू अ‍ॅपवर. डॉक्टर तरुण होते, त्यांनी खोकायला लावलं, मग एका पायावर उडी मारायला लावली, उडी मारताना कळ आली. ते लगेच म्हणाले, मॅडम हे पोट दाबून बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही, आत्ता जाऊन दाखवा, सकाळची वाट बघू नका. झालं, एवढंच. अ‍ॅपेंडिक्सची शंका असली की हात ठेवून दाबावं लागतं, दाबलेला हात सोडताना दुखतंय का बघावं लागतं, आणि हे काम मी स्वतःच्या पोटावर करून त्यांना सांगण्यात काही अर्थ नाही. अ‍ॅपेंडिक्स निघालं नाही, पण सल्ला शंभर टक्के बरोबर होता.

आणि इथंच मला या सिस्टिमची सगळ्यात मोठी खोट दिसली. कॉल संपल्यावर अ‍ॅप विचारतं, ‘तुमची समस्या सुटली का?’ हो किंवा नाही. नाही दाबलं तर रेटिंग कोणाचं पडणार, त्या डॉक्टरचं. म्हणजे प्रामाणिकपणे ‘इथं जमणार नाही, जाऊन दाखवा’ म्हणणाऱ्याचे स्टार कमी, आणि न बघता गोळ्या लिहून देणाऱ्याकडे सगळे खूश. मग डॉक्टर काय शिकणार यातून? मी पाच स्टार दिले आणि खाली लिहिलं की यांनी मला बरोबर हाकललं.

छातीत दुखणं, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, बेशुद्धी, जास्त रक्त जाणं, यासाठी अ‍ॅप उघडूच नका, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. कोणी म्हणेल पॅरालिसिसच्या अ‍ॅटॅकला तर व्हिडिओवरून उपचार होतात की. होतात, टेलिस्ट्रोक म्हणतात त्याला, चांगले होतात, पण ते हॉस्पिटल टू हॉस्पिटल. पेशंट छोट्या हॉस्पिटलात असतो, तिथं सीटी स्कॅन झालेला असतो, शेजारी नर्स-डॉक्टर उभे असतात आणि मोठ्या हॉस्पिटलातला मेंदूचा तज्ज्ञ स्क्रीनवरून तपासतो, स्कॅन बघतो आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं का ते सांगतो. परत तेच, हात तिथं हजर आहेत. घरच्या सोफ्यावर तसं काही नसतं.

काउन्सेलिंगला मात्र हा प्रकार मस्त चालतो, माझी एक मैत्रीण घेते. तिथं हात लावायचाच नसतो. फक्त खोली पाहिजे, आणि तेच अवघड. तिच्या मॅडम दर वेळी पहिला प्रश्न विचारतात, आत्ता खोलीत तुम्ही एकट्याच आहात का, कोणी ऐकतंय का. ती हेडफोन लावून पार्क केलेल्या गाडीत बसून बोलते. बाकीच्या डॉक्टरांनीही हे विचारायला पाहिजे खरं तर, कारण सासू शेजारी बसलेली असताना कोणती बाई पाळीबद्दल खरं बोलणार आहे?

छोट्या कटकटी पटापट सांगते. नेट कमी असेल तर व्हिडिओ बंद करून नुसत्या आवाजावर बोला, आवाज तुटला की औषधाचं नाव चुकतं आणि ते जास्त वाईट. औषधाचं नाव आणि डोस डॉक्टरला परत म्हणून दाखवा. सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं समोर ठेवा, ‘ती पांढरी छोटी गोळी’ यावर कोणाला काही कळत नाही. कानानं कमी ऐकू येणाऱ्यांना स्पीकरवर अजूनच कमी कळतं, बाबा तर प्रत्येक वाक्याला माझ्याकडे बघतात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला एकट्याला कॉलवर सोडू नका. रिपोर्ट अपलोड करताना आडवे होतात आणि अ‍ॅपमध्ये फिरवायचं बटण नाही, का नाही देव जाणे. प्रिस्क्रिप्शन आलं की लगेच ‘औषधं आमच्याकडूनच मागवा’ चा भडिमार सुरू होतो, तो बंद करायची सोय सेटिंगमध्ये खोल कुठंतरी पुरलेली आहे.

आणि सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट, दर वेळी नवा डॉक्टर. बाबांच्या बीपीची कहाणी, कुठली गोळी सोसली नाही, कुठलीनं पाय सुजले, सगळं पहिल्यापासून. आधीच्या नोट्स अ‍ॅपमध्ये आहेत हो, पण उघडून वाचतो कोण, रांगेत पुढचा पेशंट थांबलेला असतो. ज्यांनी बाबांना खुर्चीत नीट बसवलं ते डॉक्टर कुठल्या वारी कुठल्या वेळेत असतात ते मी आता लिहून ठेवलंय आणि त्याच स्लॉटला बुक करते, ते नसतील तर बाबाच म्हणतात राहू दे, ते आले की बघू. मध्ये एका अपडेटमध्ये डॉक्टर निवडायचा पर्याय गायब झाला होता, ‘उपलब्ध तज्ज्ञ आपोआप जोडले जातील’ म्हणे. आरडाओरडा झाला असावा, परत आला. पुन्हा गेला तर अ‍ॅप बदलणार.