मचूळ पाण्याचं 'स्पेशल सिमेंट'

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घर बांधायचं म्हटलं की जमिनीतली टाकी आलीच. विजापूर रोडवर आमचं काम सुरू होतं तेव्हा ठेकेदार म्हणाला, "मालक, तुमच्या बोअरचं पाणी मचूळ. साध्या सिमेंटात सळई गंजणार. एसआरसी, म्हणजे सल्फेटला टिकणारं सिमेंट घालू, पोत्यामागं दीडशे जास्त पडतील." दिले. तिसऱ्याच वर्षी टाकीच्या स्लॅबला आतून तांबूस डाग पडले, मग सळयांच्या रेषेत तडे गेले आणि काँक्रीटचे पोपडे पाण्यात पडू लागले.

सिमेंट एसआरसी नव्हतंच. त्याच कामाची रिकामी पोती सरपणावर झाकायला ठेवली होती. त्यांवर आयएस (भारतीय मानक) २६९ छापलंय, म्हणजे ओपीसी, नेहमीचं साधं सिमेंट. एसआरसीच्या पोत्यावर आयएस १२३३० असतं.

पण बघायला आलेल्या इंजिनिअरबाई म्हणाल्या, खरं एसआरसी घातलं असतं तरी तुमचे दीडशे वायाच गेले असते. ते सिमेंट सल्फेटसाठी. सल्फेट काँक्रीट खातं. सळई गंजवतं ते क्लोराइड, म्हणजे खाऱ्या पाण्यातला मिठाचा अंश. सिमेंटमधलं सी-थ्री-ए हे संयुग काही क्लोराइड बांधून ठेवतं, आणि एसआरसीत तेच मुद्दाम ५ टक्क्यांच्या आत ठेवलेलं असतं. मग मोकळं क्लोराइड सळईपर्यंत जातं, तिच्यावरचा संरक्षक थर फोडतं आणि फुगणारा गंज काँक्रीट उखडतो. अशा जागी स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं), आयएस ४५५. ते क्लोराइड जास्त बांधतं, काँक्रीटची छिद्रंही बारीक करतं. आणि बहुधा ओपीसीपेक्षा महाग नसतं! फक्त ताकद सावकाश धरतं, म्हणून किमान दहा दिवस पाणी मारायला हवं. आपल्याकडच्या उन्हात त्याहून जास्तच.

कोणतंही सिमेंट घ्या, कालवायचं पाणीच खारं असेल तर काय उपयोग? आयएस ४५६ प्रमाणे आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. आमच्या बोअरचं तपासलं, तर बरंच वर निघालं. काँक्रीट त्याच पाण्यात कालवलं, हे शेजारच्यांनी पाहिलंय. बिलात मात्र टँकरचे पैसे लावलेत.

तुमचं काम चालू असेल तर माल उतरतानाच पोत्यावरचा आयएस नंबर आणि उत्पादनाचा आठवडा यांचा फोटो काढा, आणि तोच नंबर बिलावर लिहून घ्या. आमच्या बिलावर नुसतं 'स्पेशल सिमेंट' आहे. वकील म्हणतात, एवढ्यावर ठेकेदाराला धरणं अवघड.