सदाशिव पेठेतील एक अभ्यासिका : मान आणि पाठीच्या बाजूने अभिप्राय

एम.ए.चे शेवटचे सत्र आणि नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेची तयारी एकाच वेळी आल्यामुळे मी सदाशिव पेठेतील एका अभ्यासिकेत सहा महिन्यांसाठी जागा घेतली. मासिक १,२०० रुपयांत शांतता, पुरेसा उजेड, पिण्याचे थंड पाणी आणि मुलींसाठी वेगळी खोली मिळते, त्यामुळे नेहमीच्या निकषांवर तक्रारीला जागा नाही. हा अभिप्राय वेगळ्या निकषावर आहे : रोज नऊ-दहा तास तेथे बसणाऱ्या शरीराचे काय होते?

येथील टेबल म्हणजे भिंतीला ठोकलेली प्लायवूडची सलग फळी. मी टेप लावून पाहिली, तेव्हा ती जमिनीपासून ७६ सेंटिमीटर भरली आणि बिनहातांच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीची बैठक ४३. माझी उंची पाच फूट एक इंच. बसल्यावर माझे कोपर बैठकीच्या वर २१ सेंटिमीटरवर येते, म्हणजे फळी कोपरापेक्षा तब्बल १२ सेंटिमीटर उंच. अशा फळीवर लिहिताना खांदे उचललेलेच राहतात, आणि दुपारपर्यंत मानेपासून पाठीच्या फऱ्यापर्यंतचा पट्टा दगडासारखा घट्ट होतो. बैठकीवर उशी ठेवली की हात सुखावतात, पण पाय अधांतरी लोंबकळतात आणि खुर्चीची कड मांडीखाली रुतते. अखेर मी घरून जेवणाचा पाट आणून पायांखाली घेतला. शेजारच्या मुली आधी हसल्या, महिन्याभरात आणखी दोन पाट आले. फळी थोडी खाली घेता येईल का, असे मालकांना विचारले, तर ते म्हणाले, ‘ताई, एकीची खाली केली की सगळ्यांची करावी लागेल.’ सलग फळीच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे, हे मान्य करावे लागते.

तिसऱ्या महिन्यात उजव्या खांद्याचे दुखणे झोपेतही जाणवू लागल्यावर मी फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी भरायला दिलेली प्रश्नावली उत्तर युरोपातील नॉर्डिक देशांत तयार होऊन १९८७ साली प्रसिद्ध झालेली असून तीत शरीराचे नऊ भाग दाखवून गेल्या बारा महिन्यांत आणि गेल्या सात दिवसांत कोठे दुखले, हे विचारतात. मी मान, खांदे, मनगट आणि कंबर अशा चार ठिकाणी खूण केली. हाताला मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा नसल्याची खात्री करून त्यांनी एक्स-रेची गरज नसल्याचे सांगितले, आणि माझा निम्मा घोर तेथेच मिटला. प्रौढ माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते; २०१४ च्या एका गणिती प्रारूपानुसार मान ६० अंशांत वाकवली की मणक्यावर येणारा भार सुमारे २७ किलोंपर्यंत जातो. प्रारूप ते प्रारूपच, पण सपाट फळीवरच्या पुस्तकात डोके घालून बसणाऱ्याला दिशा कळायला पुरेसे आहे. त्यानंतर मी तुळशीबागेतून पोथी ठेवण्याचे घडीचे लाकडी स्टँड आणले. वाचनापुरता मानेचा प्रश्न त्याने बराच सुटला. लिहिताना मात्र ते उपयोगाचे नाही.

माझ्या मते येथील सर्वांत मोठा दोष खुर्ची किंवा फळी नसून रांगांमधील अंतर हा आहे. मागच्या खुर्चीला पाठ लागेल इतकी चिंचोळी वाट असल्याने उठायचे म्हणजे तिघींना सरकायला लावायचे, तेही खुर्चीचा आवाज होऊ न देता. साहजिकच जेवणानंतर बसलेली मुलगी थेट चहालाच उठते. कितीही चांगली बैठक तासन्‌तास न बदलता धरून ठेवली तर स्नायू दुखतात, आणि दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उभे राहणे हाच उपचारातला मुख्य भाग असल्याचे मला सांगितले होते. चौथ्या महिन्यात मी दाराजवळची, सतत वर्दळीची म्हणून कोणालाही नको असलेली जागा मागून घेतली. लक्ष थोडे विचलित होते, पण उठता येते. व्यायामासह सहा आठवड्यांत खांद्याचे रात्रीचे दुखणे थांबले, कंबर अजून अधूनमधून बोलते.

साडेपाच फुटांच्या पुढची उंची असणाऱ्यांना ही फळी माझ्याइतकी जाचणार नाही. इतरांनी पैसे भरण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या पुस्तकांसह तासभर बसून पाहावे आणि जागा दाराजवळची मागावी, कारण अनामत रक्कम परत मिळत नाही.