स्नो निघाला, बर्फ राहिला: मिनेसोटातल्या टाउनहोममधला पहिला हिवाळा

ऑक्टोबर 2022 मध्ये आम्ही मिनीॲपोलिसच्या दक्षिणेकडच्या एका उपनगरात टाउनहोम, म्हणजे शेजारच्या घराला भिंत लागलेलं घर, घेतलं. घर दाखवताना एजंटने सांगितलेला सगळ्यात मोठा गुण हा, की इथे स्नो असोसिएशन, म्हणजे घरमालकांची संघटना, काढतं, तुम्हाला फावडं हातात धरावं लागणार नाही. मला सहावा महिना लागलेला, नवऱ्याची कंबर धरलेली. महिन्याला 340 डॉलर ड्यूज, म्हणजे असोसिएशनची वर्गणी, जड वाटत असूनही आम्ही होकार दिला.

आता 2023 चा मे उजाडलाय. विमानतळावरच्या नोंदीप्रमाणे या हंगामात इथे 90 इंच बर्फ पडला. सरासरी 51 इंचांच्या आसपास असते. नोंदी ठेवायला लागल्यापासून यापेक्षा जास्त बर्फाचे हिवाळे दोनच झाले. त्यामुळे या सेवेचं खरंखोटं एका हिवाळ्यात कळलं, आणि टाउनहोम घ्यायच्या विचारात असलेल्यांनी सह्या करण्याआधी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

आपल्या भाषेत आभाळातून भुरभुर पडतो तोही बर्फ आणि फ्रीजमधला खडाही बर्फ. इथे स्नो वेगळा, आईस वेगळा, आणि असोसिएशनच्या बर्फ काढायच्या करारात तर ते दोन वेगळ्या पानांवर असतात. मी स्नोचं पान वाचलं. आईसचं पान वाचलं ते आई पडल्यावर.

व्यवस्था साधारण अशी आहे. आमच्या चाळीस घरांमधल्या गल्ल्या खासगी, त्या साफ करायचं काम असोसिएशनचं. बाहेरचा मोठा रस्ता शहराचा, तिथे नगरपालिकेचा प्लाऊ, म्हणजे पातं लावलेली बर्फ सारायची गाडी, फिरतो. असोसिएशनच्या बोर्डावर पाच जण, सगळे इथलेच रहिवासी, बिनपगारी. ते मॅनेजमेंट कंपनीमार्फत ठेकेदार नेमतात. उन्हाळ्यात गवत कापणारा आणि हिवाळ्यात बर्फ काढणारा ठेकेदार एकच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याची माणसं ड्राइव्हवेच्या, म्हणजे गॅरेजसमोरच्या गाडीच्या वाटेच्या, कडेकडेने नारिंगी काठ्या रोवून गेली. सगळं पांढरं झालं की सिमेंट कुठे संपतं आणि हिरवळ कुठे सुरू होते, ते प्लाऊवाल्याला या काठ्यांवरूनच कळतं. आमच्या कोपऱ्यावरची एक काठी पहिल्याच आठवड्यात मोडली, आणि तिथली हातभर हिरवळ आता पात्याने सोलून निघालीय.

करारातला कळीचा आकडा दोन इंच. तेवढा पडल्याशिवाय गाडी येत नाही. वाचताना वाटलं होतं, दोन इंच म्हणजे काय, बोटाच्या दोन पेरांएवढा! पण खरा त्रास दीड इंचाचा असतो. दीड इंच पडला की कोणी फिरकत नाही. तो चाकांखाली दाबला जातो, दुपारच्या उन्हात ओलसर होतो, रात्री गोठतो, आणि सकाळी गॅरेजसमोर काचेचा पट्टा तयार. आज एक इंच आणि उद्या एक इंच पडला तर दोन झाले म्हणून येणार का, असं मी ईमेल करून विचारलं. उत्तर आलं, प्रत्येक बर्फवृष्टी वेगळी मोजली जाते. हे ज्याच्या त्याच्या करारावर असतं, म्हणून आधीच विचारावं. माप कुठलं धरतात हेही विचारावं: विमानतळाचं की आपल्या आवारातलं? मैलभराच्या अंतरातही इंचभराचा फरक पडू शकतो.

दुसरा आकडा तासांचा. बर्फ थांबल्यापासून बारा तासांत काम पूर्ण, असं आमच्या करारात आहे. सगळी मेख त्या ‘थांबल्यापासून’मध्ये. बर्फ दोन-तीन दिवस पडत राहिला, तर त्या काळात गल्लीतून गाडी जाईल एवढी वाट मोकळी करून देतात. ड्राइव्हवे, पायवाट, पायऱ्या हे सगळं नंतर. ते लोक कामचुकार असतात असं नाही. एका रात्रीत त्यांना अशा कितीतरी वसाहती उरकायच्या असतात आणि कुणाचातरी नंबर शेवटचा लागतोच. आमची वसाहत त्यांच्या फेरीत पहिली की शेवटची, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. समोरच्या घरातली नर्स रात्रपाळी करून सकाळी साडेसातला परतते. तिने घर घेण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारला होता म्हणे.

या कामाचं मोल मला जानेवारीत कळलं. 2 ते 5 जानेवारी सलग बर्फ पडत होता, विमानतळावर एकूण पंधरा इंचांच्या जवळपास भरला. 4 तारखेला पहाटे साडेतीनला माझ्या कळा सुरू झाल्या. आईने बॅग काढली, नवऱ्याने गॅरेजचं दार वर केलं, तर समोर मांडीएवढा पांढरा बांध. गल्ली थोड्या वेळापूर्वीच साफ झाली होती, आणि पात्याने बाजूला सारलेला सगळा माल आमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी येऊन बसला होता. नवरा फावडं घेऊन तुटून पडला. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला पिवळे दिवे फिरताना दिसले. नवऱ्याने दोन्ही हात हलवून गाडी थांबवली, घराकडे बोट दाखवून काय ते सांगितलं. त्या माणसाने एक शब्दही न बोलता प्लाऊ वळवला, पातं खाली टाकलं आणि तीन खेपांत तोंड मोकळं केलं. मग मोठ्या रस्त्यापर्यंत आमच्या पुढे चालत राहिला. सिमेंटवर पोलाद घासल्याचा तो खरखरणारा आवाज एरवी झोप मोडतो. त्या पहाटे मला तो देवासारखा वाटला. मुलगी दुपारी झाली. त्या माणसाचं नाव कळलं नाही, पण मॅनेजमेंट कंपनीला मी पत्र लिहून त्याच्यापर्यंत आभार पोचवायला सांगितले आहेत.

आता कामाच्या प्रतीबद्दल. गल्ली उत्तम, दहापैकी नऊ. ड्राइव्हवे बरा. गॅरेजच्या दाराला पातं लागू नये म्हणून प्लाऊवाला दारापासून हातभर लांब पातं टेकवतो आणि माल मागे ओढतो. तो हातभराचा पट्टा फावड्याने काढायला माणसं मागाहून येतात, कधी येत नाहीत. गाडी ड्राइव्हवेवर उभी असेल तर तिच्याभोवती कोणी काढत नाही, हे करारातच आहे. टपालाच्या पेट्यांकडे जाणारी वाट आमच्या यादीत आहे, पण ती नेहमी शेवटी होते. वाट साफ नसेल तर पोस्टमन टपाल न टाकता पुढे जाऊ शकतो. फेब्रुवारीत आमचं तीन दिवस टपाल आलं नाही ते त्यामुळेच. आणि स्वतः काढलेला बर्फ शहराच्या रस्त्यावर ढकलू नका. मिनेसोटात ते कायद्याने मना आहे, आणि रात्री गोठलेल्या ढिगाऱ्यावर कुणाचीतरी गाडी घसरू शकते.

एका गोष्टीकडे मात्र जिवाची गोष्ट म्हणून बघा. आमच्या घराच्या बाजूच्या भिंतीतून पांढरे दोन प्लास्टिकचे पाइप बाहेर आलेत, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर. ते फर्नेसचे, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचे. एकातून हवा आत जाते, दुसऱ्यातून धूर बाहेर पडतो. फेब्रुवारीतल्या तीन दिवसांच्या वादळात तेरा इंचांवर बर्फ पडला. त्यानंतर पायवाट साफ करताना स्नोब्लोअरचा, म्हणजे बर्फ उडवणाऱ्या यंत्राचा, झोत नेमका त्या भिंतीवर गेला आणि दोन्ही पाइप बुजले. रात्री दीडला फर्नेस बंद पडली. बाहेर शून्य फॅरनहाइटच्या खाली आणि घरात सात आठवड्यांचं बाळ. नवऱ्याने हाताने पाइप मोकळे केले तेव्हा फर्नेस सुरू झाली. आमची फर्नेस नुसती बंद पडली हे नशीब. धुराची वाट बुजली की कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक झोपायच्या खोलीजवळ हवाच. आम्ही पाइपांजवळ दोन जादा काठ्या रोवल्या आणि त्यांना लाल फडकं बांधलं. त्यानंतर झोत तिकडे गेला नाही.

आता आईचं. मार्चचा दुसरा आठवडा, दुपारी छान ऊन. छपरावरचा बर्फ वितळून पागोळ्या लागल्या होत्या आणि पन्हळीच्या पाइपातून पाणी थेट पुढच्या पायरीखाली येत होतं. रात्री ते गोठलं. सकाळी आई कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर पडली आणि दुसऱ्याच पावलाला पडली. “अगं, नुसतं पाणी सांडल्यासारखं दिसत होतं, म्हणून पाय टाकला,” एवढंच ती म्हणत राहिली. उजवं मनगट मोडलं. नातीला न्हाऊ घालायला सातासमुद्रापार आलेली माझी आई सहा आठवडे एका हाताने तिला नुसतं थोपटत बसली.

फोन केला तर उत्तर मिळालं, त्या दिवशी बर्फवृष्टी नव्हती, त्यामुळे फेरी नव्हती. करारातलं दुसरं पान काढलं. मीठ टाकणं हे वेगळं काम, वेगळ्या दराने, आणि बोर्डाने सांगितलं तरच. पैसे वाचावेत म्हणून बोर्डाने ते फक्त गल्लीच्या चढावर आणि वळणावर ठेवलं होतं. पायऱ्या आपापल्या. बोर्डाला मी वाईट म्हणणार नाही. या हिवाळ्यात साठ इंचांवरच्या प्रत्येक इंचाला ठेकेदाराला जादा पैसे द्यावे लागले, आणि मार्चमध्ये प्रत्येक घराला 75 डॉलर जास्तीचे भरावे लागले. पण ही गोष्ट ठळक अक्षरांत रहिवाशांना सांगायला हवी होती, ती कोणीच सांगितली नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मिठाबद्दलही नीट माहिती हवी. साधं खडेमीठ साधारण 15 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे 9 सेल्सिअसच्या खाली फारसं काम करत नाही. जानेवारीत इथे कित्येक रात्री पारा त्याच्याही बराच खाली असतो. तेव्हा कितीही मीठ ओता, ते खडे बर्फावर तसेच पडून राहतात. कॅल्शियम क्लोराइड जास्त थंडीत चालतं, महाग असतं. कडाक्याच्या थंडीत मी सरळ बारीक खडी टाकते, निदान पाय तरी रुततो. आणि ओंजळीओंजळीने मीठ फेकू नये, कारण ते वितळून तळ्यांत जातं आणि तिथून निघत नाही. चहाचा एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी कायमचं खराब करायला पुरतं, असं इथलं राज्याचं प्रदूषण खातं सांगतं. इतक्या तळ्यांच्या राज्यात राहायचं तर हे लक्षात ठेवायला हवं.

ढीग कुठे घालतात तेही बघून ठेवा. आमच्याकडे पाहुण्यांच्या पार्किंगच्या दोन जागा त्यात गेल्या. शिवाय तो ढीग उताराच्या वरच्या अंगाला. दिवसा त्याचं पाणी गल्लीवरून वाहायचं आणि रात्री तिथेच गोठायचं. तोच ढीग खालच्या अंगाला, ड्रेनच्या पुढे घातला असता तर निम्मं मीठ वाचलं असतं. एप्रिलच्या बैठकीत मी फोटो घेऊन गेले, वर बर्फाचा डोंगर आणि खाली चकाकणारी गल्ली. बोर्डाच्या अध्यक्षांनी ते फोटो दोनदा बघितले आणि जागा बदलायचं कबूल केलं.

एकूण पाचपैकी साडेतीन तारे. स्नोसाठी साडेचार देईन, आईससाठी दोन. असोसिएशन सोडून स्वतंत्र घर घ्यावं असं मात्र एकदाही वाटलं नाही. 90 इंचांच्या हिवाळ्यात, ओली बाळंतीण आणि कंबर धरलेला नवरा अशा घरात, ती चार चाकं आणि ते पातं नसतं तर आम्ही घराबाहेर पडूच शकलो नसतो.

ठेकेदाराचा करार या वर्षी संपतोय. नव्या मसुद्यात मी तीन गोष्टी घालायला सांगितल्यात: दोनऐवजी दीड इंच, पायऱ्यांवर मिठाची किंवा खडीची फेरी, आणि प्रत्येक चार घरांमागे खडीची एक पेटी. पहिलीला पैसे लागतील, ती बहुधा मंजूर होणार नाही. पेटीला सगळ्यांनी माना डोलावल्या. जूनमध्ये मतदान आहे. आमच्या पन्हळीचं तोंड मात्र नवऱ्याने गेल्या शनिवारी पायरीपासून सहा फूट लांब, झुडपांकडे वळवलं, आणि आईला साताऱ्याला व्हिडिओ कॉल करून बादलीभर पाणी ओतून दाखवलं.