माझ्या नावाचं जीमेल, पासवर्ड कन्सल्टंटकडे

अमेरिकेत एज्युकेशनल सायकॉलॉजीला अप्लाय करायचा विचार असेल आणि त्यासाठी कुठल्या कन्सल्टन्सीत पैसे भरणार असाल तर माझी कशी फसवणूक झाली ते पूर्ण वाचा, लांबलंय पण वाचा. इंजिनीअरिंगच्या पोरांना निदान चार सीनियर असतात विचारायला, आपल्या फील्डमधे कोणीच नसतं आणि हे लोक नेमकं तेच हेरतात.

मी नाशिकला शाळेत शिकवते. बीएड आणि सायकॉलॉजीत एमए. वर्गात दरवर्षी एलडीची (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे शिकण्यात अडचण असलेली) दोनतीन तरी मुलं असतात, बोर्ड त्यांना दहावीला जादा वेळ, रायटर वगैरे सवलती देतं, सर्टिफिकेटसाठी काही पालक पार मुंबईला सायन हॉस्पिटलच्या एलडी क्लिनिकपर्यंत जाऊन येतात, पण कागद हातात आल्यावर त्या मुलाला शिकवायचं कसं हे शाळेत कोणालाच नीट माहीत नसतं. म्हणून मला हा विषय शिकायचा होता. विस्कॉन्सिन-मॅडिसन, मिनेसोटा, ऑस्टिन, अर्बाना-शॅम्पेन या अमेरिकन युनिव्हर्सिट्यांमधे एज्युकेशनल सायकॉलॉजीचं स्वतंत्र डिपार्टमेंटच आहे, मी रात्री बसून तिथल्या प्राध्यापकांचे पेपर वाचायचे. तयारी काहीच नव्हती असं नाही.

कन्सल्टन्सी मोठी, एसी ऑफिस, भिंतीवर अमेरिकेला गेलेल्या मुलांचे फोटो. पहिल्याच भेटीत मी विचारलं की एज्युकेशनल सायकॉलॉजी आणि स्कूल सायकॉलॉजी यातलं माझ्यासाठी कुठलं बरं. डायरेक्टर म्हणाला "मॅडम ते सगळं सेमच असतं, नाव वेगळं." ते सेम अजिबात नसतं. स्कूल सायकॉलॉजीचा कोर्स करून तुम्ही तिथल्या शाळेत मुलांचं असेसमेंट करू शकता, त्याला त्या त्या राज्याचं लायसन्स लागतं, तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या निकषाप्रमाणे स्पेशालिस्ट लेव्हलला किमान ६० क्रेडिट आणि १२०० तासांची इंटर्नशिप, त्यातले ६०० तास प्रत्यक्ष शाळेत. एज्युकेशनल सायकॉलॉजी म्हणजे जास्त करून रिसर्च, मुलं शिकतात कशी, मोटिव्हेशन, टेस्ट कशा बनवायच्या, स्टॅटिस्टिक्स. हे करून शाळेत सायकॉलॉजिस्ट म्हणून बसता येत नाही. ज्या माणसाला हा फरक माहीत नाही किंवा माहीत असून सांगायचा नाही तो तुमचा फॉर्म काय भरणार.

पॅकेज ६० हजार. वर प्रत्येक युनिव्हर्सिटीची अप्लिकेशन फी म्हणून १५ हजार वेगळे. तिकडे ही फी साधारण ७५ ते १०० डॉलर असते, म्हणजे तेव्हाच्या रेटने साडेआठ हजाराच्या आतच, आणि ती पोर्टलवर आपल्या कार्डने भरायची असते. यांनी मात्र यूपीआयवर घेतली, कंपनीच्या नाही तर डायरेक्टरच्या बायकोच्या अकाउंटला. पावती मागितली की "सगळं एकदम फायनल बिलात येईल". ते फायनल बिल मी आजतागायत पाहिलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. माझ्या नावाने त्यांनी एक नवीन जीमेल उघडलं. पासवर्ड त्यांच्याकडे, ओटीपी त्यांच्या ऑफिसच्या मोबाईलवर. कारण काय तर "स्टुडंट लोक घाबरून मधेच काहीतरी रिप्लाय करतात, मग केस बिघडते". ऐकायला पटतं हो. अर्थ एवढाच की युनिव्हर्सिटीकडून येणारं प्रत्येक पत्र आधी ते वाचणार, मग ठरवणार की तुम्हाला दाखवायचं की नाही. अर्ज गेला की नाही, रिजेक्ट झाला की अॅडमिशन मिळालं, काहीही आपल्याला कळायला मार्ग नाही. मला व्हॉट्सअॅपवर फक्त स्क्रीनशॉट यायचे, हिरवी टिकमार्क आणि खाली सबमिटेड लिहिलेलं.

प्राध्यापकांना मेल करू का असं विचारलं तर कडक शब्दात नाही म्हणाले, डायरेक्ट मेल केला तर ब्लॅकलिस्ट होतं म्हणे. हे शुद्ध खोटं आहे. पीएचडीला तर आपला विषय कोणाशी जुळतो, ते प्राध्यापक यावर्षी विद्यार्थी घेतायत का हे आधी विचारायचीच पद्धत आहे आणि एसओपीमधे (हा विषय का शिकायचाय ते सांगणारा आपला निबंध) त्यांची नावं घ्यायची असतात. माझ्या एसओपीत एकाही प्राध्यापकाचं नाव नव्हतं. त्यात काय होतं तर माझ्या आजीला डिस्लेक्सिया (वाचायला-लिहायला अडचण) होता आणि तिचे अश्रू पाहून मी हा मार्ग निवडला! माझी आजी रोज सकाळी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचायची, तोही चष्मा न लावता. मी चिडून बदलायला सांगितलं तर म्हणाले "मॅडम इमोशनल टच लागतो त्यांना."

ऑक्टोबरात ओरिजिनल मार्कशीट आणि डिग्री सर्टिफिकेट जमा करून घेतले, ट्रान्सक्रिप्टच्या (सगळ्या मार्कांचा युनिव्हर्सिटीने दिलेला उतारा) कामाला लागतात म्हणून. अर्ज करताना बहुतेक ठिकाणी स्कॅन अपलोड केलं तरी चालतं, ऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट नंतर युनिव्हर्सिटीतूनच सीलबंद किंवा ऑनलाइन जातं, ओरिजिनल कुठल्याही एजंटच्या कपाटात ठेवायची काही गरज नसते. ते कपाट कशासाठी होतं ते पुढे कळलं.

भांडं फुटलं ते लेटर ऑफ रेकमेंडेशनमुळे, म्हणजे सरांच्या शिफारसपत्रामुळे. तिकडची पद्धत अशी की आपण अर्जात सरांचा कॉलेजचा ईमेल द्यायचा, पोर्टल सरांना स्वतः लिंक पाठवतं आणि सर थेट तिथे पत्र अपलोड करतात, आपल्याला ते दिसतही नाही. माझ्या एमएच्या सरांनी पत्र लिहून तयार ठेवलेलं. बऱ्याच पीएचडी प्रोग्रॅमची मुदत १ डिसेंबर ते १५ डिसेंबर अशी असते. डिसेंबर संपला, जानेवारीत सरांना हॅपी न्यू इयर करायला फोन केला तर ते म्हणाले "अगं तुझी लिंक कधी येणार? मी वाट बघतोय."

कन्सल्टन्सीत विचारलं तर उत्तर तयार, सरांच्या स्पॅममधे गेली असेल. नंतर कळलं की सरांच्या नावाने पण एक जीमेल उघडलेलं होतं आणि माझ्याबद्दलचं पत्र त्यांनीच लिहून त्यांनीच अपलोड केलेलं, खाली सरांची स्कॅन केलेली सही. सही कुठून आली तर माझ्या बोनाफाईडवरून. सर तर एवढे भडकले, ते स्वतः पोलिसात लेखी द्यायला तयार झाले आणि दिलं पण, त्यांचे उपकार आहेत.

हे कळायच्या आधी एक अजून मोठा घाव बसला होता. फेब्रुवारीत एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या लेटरहेडवर पत्र आलं की तुम्हाला मास्टर्सला अॅडमिशन आणि ग्रॅज्युएट असिस्टंटशिप, ट्यूशन माफ, दर महिन्याला स्टायपेंड. घरात पेढे वाटले. पत्रात अट, ७२ तासात दीड हजार डॉलर असिस्टंटशिप कन्फर्मेशन फी भरा नाहीतर सीट पुढच्याला जाईल. डायरेक्टर म्हणाला डॉलरमधे पाठवायला बँक वेळ लावते, मला रुपयात द्या मी आमच्या तिकडच्या पार्टनरकडून आत्ता भरतो. पप्पांनी एफडी मोडली, १ लाख २७ हजार गेले, त्याच बायकोच्या अकाउंटला.

आता हे पत्र खोटं कशावरून ते नीट सांगते कारण असली पत्रं अजून फिरतायत. असिस्टंटशिप ही नोकरी आहे, त्यात युनिव्हर्सिटी तुम्हाला पैसे देते, ती कन्फर्म करायला कोणी पैसे मागत नाही. दुसरं, अमेरिकेत काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा १५ एप्रिलचा ठराव आहे, मोठ्या युनिव्हर्सिट्यांनी त्यावर सह्या केल्यात, त्याप्रमाणे आर्थिक मदतीसकट आलेली ऑफर घ्यायची की नाही हे ठरवायला विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत वेळ असतो. फेब्रुवारीत ७२ तास देणारं पत्र तिथेच संशयास्पद. तिसरं, आपल्या विषयात ट्यूशन माफी आणि स्टायपेंड मुख्यतः पीएचडीला मिळतं, मास्टर्सवाले बहुतेक करून स्वतःच्या खिशातूनच शिकतात, त्यामुळे मास्टर्सला सगळंच फुकट असं कोणी म्हणालं तर आधी डिपार्टमेंटला विचारा. आणि चौथं, तो मेल डॉट ईडीयूवरून आलेला नव्हता, युनिव्हर्सिटीच्या नावापुढे अॅडमिशन्स जोडून डॉट कॉम केलेलं होतं. २००१ पासून डॉट ईडीयू फक्त तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेज-युनिव्हर्सिट्यांनाच मिळतं. त्याआधी घेतलेली काही जुनी राहिलीत म्हणून तेवढ्यावरही भरवसा नको, मान्यता वेगळी तपासा, तिथल्या शिक्षण खात्याची यादी ऑनलाइन फुकट बघता येते.

सरांच्या फोननंतर माझ्या चुलत दादाने सांगितलं ते मी केलं, माझ्या खऱ्या ईमेलवरून सगळ्या डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरना साधा चार ओळींचा मेल, माझं नाव, जन्मतारीख, माझा अर्ज आलाय का. उत्तरं येत गेली. बहुतेकांकडे माझ्या नावाचा अर्जच नाही. एका ठिकाणी अर्धवट भरलेला, फी न भरलेला, सबमिट न केलेला. आणि ज्यांच्या लेटरहेडवर पेढे वाटले होते त्यांनी अगदी नम्रपणे कळवलं की हे पत्र आमचं नाही, कृपया पैसे पाठवू नका. तोवर गेले होते.

एक अर्ज मात्र खरा गेला होता! कुठे, तर नाव न ऐकलेल्या एका छोट्या प्रायव्हेट कॉलेजला, कोर्स मॅनेजमेंटचा. तिथून खरंखुरं अॅडमिशन पण आलेलं. का, तर अशी कॉलेजं एजंटला दर विद्यार्थ्यामागे कमिशन देतात, आणि मी ज्या डिपार्टमेंटांची नावं दिली होती तिथे एजंटला एक पैसा मिळत नाही. सगळं उघडं पडल्यावर डायरेक्टरचा सल्ला ऐका, "तुम्ही आधी तिथे जा मॅडम, एक सेमिस्टर करा, मग आतून सायकॉलॉजीला ट्रान्सफर मारा." व्हिसासाठी बँक बॅलन्स दाखवायला पैसे आम्ही फिरवून देतो, फक्त दोन टक्के, असंही म्हणाला. म्हणजे खोटी सही त्यांची, खोटा बॅलन्स त्यांचा, आणि व्हिसाच्या खिडकीत उभी राहणार मी. तिथे खोटी कागदपत्रं पकडली गेली तर अमेरिकेच्या कायद्याने कायमची बंदी लागू शकते, नंतर खरा अर्ज घेऊन गेलात तरी ते डोक्यावर राहतं. एजंटला काय, त्याचं दुकान चालू.

पैसे परत मागितल्यावर कपाटाचा खुलासा झाला. ओरिजिनल हवे असतील तर पॅकेजचा राहिलेला हप्ता भरा आणि "सेवा समाधानकारक" असं लिहून द्या. मी लिहून दिलं नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला, ऑनलाइन तक्रार टाकली, मग पोलिस स्टेशनला सरांच्या पत्रासकट अर्ज, फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, जुनं ४२०. १९३० चा खरा उपयोग पैसे गेल्या गेल्या फोन केला तर होतो, खातं गोठवतात, माझ्या केसमधे आठवडे उलटून गेले होते त्यामुळे खात्यात काही उरलेलं नव्हतं. पण पोलिस स्टेशनमधून फोन गेल्यावर मार्कशीट दुसऱ्या दिवशी मिळाल्या, कुरिअरने, कव्हरिंग लेटर वगैरे काही नाही. पॅकेजमधले थोडे पैसे वकिलाच्या नोटिशीनंतर आले. एफडीचे नाही आले. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकलीय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो आणि वकील नसला तरी चालतं.

यावेळी अर्ज मी स्वतः भरलेत. सगळं पोर्टलवर लिहिलेलं असतं, इंग्रजी वाचता येणाऱ्या माणसाला त्यात अडण्यासारखं फार काही नाही, वेळ मात्र खातं. आपल्या विषयातल्या बऱ्याच प्रोग्रॅमनी कोविडनंतर जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा काढून टाकलीय, ते प्रत्येक डिपार्टमेंटच्या पानावर बघा, क्लासवाल्याला विचारू नका, तो घ्याच म्हणणार. शंका असल्या तर एज्युकेशनयूएसए म्हणून अमेरिकन सरकारचीच सल्ला केंद्रं आहेत, मुंबईत पण आहे, ते कुठल्या एका कॉलेजचा माल विकायला बसलेले नाहीत, मी त्यांच्या ऑनलाइन सेशनला बसले होते, एका तासात कन्सल्टन्सीच्या सहा महिन्यांपेक्षा जास्त कळलं. आय-२० (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) आल्यावर सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकन सरकारी नोंदणी) ३५० डॉलर फी पण आपण स्वतः सरकारी साइटवर भरायची असते, ती कोणाच्या यूपीआयवर द्यायची नाही.

त्याच बॅचमधली अजून दोघंजणं भेटलीत, एकाचं असिस्टंटशिपचं पत्र माझ्या पत्राची हुबेहूब कॉपी, फक्त नाव बदललेलं, सहीसुद्धा त्याच जागी. अजून कोणी असेल तर तुमचे यूपीआयचे स्क्रीनशॉट, ते पत्र मूळ मेलसकट (फक्त पीडीएफ नको, मेल कुठून आला ते त्यातच दिसतं) आणि व्हॉट्सअॅप चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, चॅट डिलीट फॉर एव्हरीवन व्हायला सुरुवात झालीय, माझे दोन स्क्रीनशॉट तसे गेले. आणि मार्कशीट अजून त्यांच्याकडे असतील तर "हरवल्याची तक्रार देऊन डुप्लिकेट काढा" हा त्यांचा सल्ला ऐकू नका, हरवलेल्या नाहीत, कोणाकडे आहेत ते माहीत आहे, तसंच पोलिसात लिहून द्या.