नीळ चोख, हायड्रो तोकडं: सुट्या निळीच्या संचाबद्दल

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, सुटे रंग विकणारी दुकानं आहेत. त्यातल्या एकानं हातमागवाल्यांसाठी आणि फॅशन डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी निळीचा छोटा संच ठेवला आहे: १०० ग्रॅम नीळ, १०० ग्रॅम कॉस्टिक सोडा, १५० ग्रॅम हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट, नीळ पाण्यात विरघळवायला लागणारी पूड). किलोखाली बोलायला तयार नसलेल्या बाजारात एवढीशी पुडी मिळते, हेच आधी कौतुकाचं.

ही नीळ किराणा दुकानातली, पांढऱ्या कपड्यांना देतात ती नव्हे. तिथली पूड बहुधा अल्ट्रामरीन नावाच्या वेगळ्याच निळ्या रंगाची असते. ती धाग्यावर नुसती बसते आणि धुण्यात निघून जाते. ओळखायचं असेल तर चिमूटभर पुडीवर लिंबू पिळा. अल्ट्रामरीनचा रंग उडतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. खऱ्या निळीला लिंबानं काही होत नाही. संचातली नीळ या परीक्षेत पास.

‘केमिकलची आहे’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एवढंच: झाडाच्या निळीतला रेणू आणि हा रेणू एकच. तो उलगडला जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडॉल्फ फॉन बायर यांनी. १८३५ साली बर्लिनमध्ये जन्मलेल्या या माणसानं तेराव्या वाढदिवसाला दोन थेलरचा (थेलर म्हणजे जुनं जर्मन नाणं) निळीचा खडा विकत घेतला होता. म्हणजे तेही सुट्या निळीचंच गिऱ्हाईक! १८६५ पासून ते निळीच्या मागे लागले, १८८० मध्ये ती प्रयोगशाळेत बनवली आणि १८८३ मध्ये तिची रचना मांडली. मात्र त्यांच्या पद्धतीला लागणारा कच्चा माल महाग होता, त्यामुळे शेतातल्या निळीशी भावात टक्कर देता येईना. कार्ल हॉयमान यांनी १८९० मध्ये वेगळी वाट काढली आणि १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीनं माल बाजारात आणला. बिहार-बंगालच्या निळीचा धंदा त्यानंतर बसला. बायर यांना १९०५ चं नोबेल मिळालं.

आता हिशोब. संचाची खोट इथेच आहे. एक किलो सुती सुतासाठी २० ग्रॅम नीळ धरा. तिचा घोल करायला दोन लिटर पाणी, २० ग्रॅम कॉस्टिक आणि ३० ग्रॅम हायड्रो लागतं. शिवाय रंगवायच्या २० लिटरच्या कुंडात आधीच २० ग्रॅम कॉस्टिक आणि २० ग्रॅम हायड्रो टाकावं लागतं, नाहीतर पाण्यातला ऑक्सिजन घोल खातो. म्हणजे किलोमागे ४० ग्रॅम कॉस्टिक, ५० ग्रॅम हायड्रो. संचातली नीळ पाच किलो सुताची, हायड्रो तीन किलोचं आणि कॉस्टिक अडीच किलोचं! दुकानदाराला हे कळत नसेल असं नाही.

त्यातून हायड्रो साध्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात. दमट हवा लागली की ते तापतं, गंधकासारखा वास सोडतं, जास्त ओल लागली तर पेटही घेतं. पिशवीत गुठळ्या दिसल्या तर घेऊ नका. पूड कोरडी, वाळूसारखी सरकती हवी.

घोल स्टीलच्या भांड्यात करा. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. ५० अंशाला अर्धा-पाऊण तास ठेवला की घोल पिवळट-हिरवा होतो आणि वर तांब्याच्या झळाळीची साय धरतो. निळाच राहिला तर हायड्रो मेलेलं आहे. ५ ग्रॅम ताजं टाकून दहा मिनिटं थांबा. ६० अंशांच्या वर नेऊ नका, हायड्रो आधीच संपतं.

घोल हलकेच कुंडात सोडा. ओली करून पिळलेली सुताची लड पाच मिनिटं बुडवा, दहा मिनिटं हवेत धरा, असं तीन-चार वेळा. बाहेर येताना ती पिवळट-हिरवी असली पाहिजे आणि हवेत निळी व्हायला हवी. निळीच बाहेर आली तर रंग वरवर बसला. टॉवेल केलात तर अंगाला लागेल. ढवळाढवळ आणि फेस टाळा.

शेवटी साबणाच्या ८० अंशाच्या पाण्यात पंधरा मिनिटं, मग साधं पाणी. त्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाका. गडद गुलाबी झालं तर धाग्यात अजून कॉस्टिक आहे. हा दर्शकही बायर यांनीच १८७१ मध्ये बनवला.

संच घ्या, पण सोबत १०० ग्रॅम कॉस्टिक आणि किमान तेवढंच हायड्रो जास्तीचं मागा, आणि घट्ट झाकणाचा कोरडा डबा घरून न्या. एप्रिल-मेमध्ये दुकानाच्या पत्र्याखाली ठेवलेलं हायड्रो तर नकोच, मागच्या खोलीतलं काढून द्यायला सांगा.