उतरणीला लागलेला विजेता: अली की लुईस?

बॉक्सिंगमधल्या हेवीवेट विजेत्याची उतरती कळा समजून घ्यायला मुहम्मद अलीच्या शेवटच्या लढती पाहू की लेनक्स लुईसच्या, असं एका मित्राने विचारलं.

रिंगमधली घसरण अलीची जास्त स्पष्ट दिसते. ऑक्टोबर 1980 मध्ये लॅरी होम्ससमोर 38 वर्षांचा अली नुसता मार खात होता. दहाव्या फेरीनंतर त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. ती मला आजही सलग बघवत नाही. तरी पुढच्या वर्षी तो बर्बिकशी लढला आणि गुणांवर हरला. लुईसची घसरण झाकली जाते. जून 2003 मध्ये विताली क्लिचकोविरुद्ध तो तिन्ही पंचांच्या गुणांत मागे होता. सहा फेऱ्यांनंतर वितालीच्या जखमांमुळे लढत थांबली, म्हणून विजय लुईसचा.

शरीराने मोजलेली किंमत? अलीला 1984 मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. लुईस 2004 च्या सुरुवातीला विजेता असतानाच निवृत्त झाला.

वारशाच्या बाबतीत मी अलीच्याच बाजूने झुकतो. लिस्टन, फोरमन, फ्रेझियर यांच्यावरचे विजय शेवटच्या दोन पराभवांनी पुसले जात नाहीत. पण लुईसला कमी लेखणंही अन्याय आहे: मॅकॉल आणि रहमानकडून हरल्यावर दोघांनाही त्याने परतीच्या लढतीत हरवलं.

पाय आणि प्रतिक्षिप्त क्रिया कशा साथ सोडतात हे पाहायचं असेल, तर अली–होम्स पाहा. वेळेवर थांबणं म्हणजे काय, यावर वाद घालायचा असेल तर लुईस–क्लिचको.