आईच्या गोळ्या आणि केअरटेकर मावशी: आठ महिन्यांचा अनुभव

आईला पार्किन्सन्स आहे, म्हणजे हात थरथरणं, अंग आखडणं असा मेंदूचा आजार. लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या दिवसातून चार वेळा, सकाळी ८, दुपारी १२, ४ आणि रात्री ८. मी दिवसभर ऑफिसात, बहीण नाशिकला, आणि आईचा हात इतका थरथरतो की गोळी पाकिटातून निघते ती थेट जमिनीवर. म्हणून पुण्यातल्या एका ब्युरोतून १२ तासांच्या ड्यूटीसाठी मावशी घेतल्या.

गोळी हातावर ठेवली, पाणी दिलं की झालं, असं मला वाटायचं. पण बाराची गोळी पाऊणला गेली की आई बाथरूमच्या उंबऱ्याशी पाय चिकटल्यासारखी उभी राहते. मावशींचा गजर पावणेबाराला वाजतो. आधी आईला ताठ बसवायचं, घोटभर पाणी पाजायचं, मग गोळी. "आजी, गिळली? आ करा बघू," हे प्रत्येक वेळी. या आजारात गिळायला त्रास होतो. एकदा खरंच अर्धी विरघळलेली गोळी गालात सापडली होती.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे मावशींची वही. किती वाजता गोळी दिली, नंतर आजी कशा चालल्या, जेवल्या काय. तिसऱ्या महिन्यात त्या म्हणाल्या, "दादा, दहीभाताबरोबर गोळी गेली की आजी जास्त अखडतात." वही चाळली, तर तसंच. न्यूरॉलॉजिस्टना दाखवली. प्रथिनांमुळे हे औषध शरीरात नीट शोषलं जात नाही, गोळी जेवणाआधी अर्धा तास द्या, असं त्यांनी सांगितलं. दुपार तेव्हापासून खूप सुधारली. मी त्याच घरात राहूनही हे मला दिसलं नव्हतं.

गोळ्यांची डबी मात्र मीच भरतो, रविवारी रात्री, प्रिस्क्रिप्शन समोर ठेवून. डोस बदलला की जुन्या गोळ्या त्याच दिवशी घरातून बाहेर. उलटी झाली किंवा एखादी वेळ चुकली तर मावशी स्वतःच्या मनाने दुसरी गोळी देत नाहीत, फोन करतात. हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. इंजेक्शन लागत असेल तर नर्सच मागा, ते केअरटेकरचं काम नाही.

तक्रार बदलीबद्दल आहे. मावशी चार दिवस गावी गेल्या, ब्युरोने दुसरी बाई पाठवली. आईला गिळता येईना म्हणून तिने रात्रीची सावकाश विरघळणारी गोळी कुटून केळ्यात दिली. अशी गोळी कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं. आईला चक्कर आली, हातापायांची वळवळ थांबेना, आम्ही रात्रभर जागे. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे राग तिच्यावर नाही. ब्युरोने माणूस पाठवलं, माहिती पाठवली नाही.

पुढच्या महिन्यात मावशींच्या मुलीचं लग्न आहे, पंधरा दिवस सुट्टी. बदलीच्या बाईंना आधीचे दोन दिवस मावशींबरोबरच बोलावलं आहे. त्या दोन दिवसांचे पैसे आम्ही वेगळे देतोय.